कच्च्या कैद्याचं मोफत वकीलपत्र: पहिल्या रिमांडपासून जेलच्या फाटकापर्यंत

मानवी हक्कांची वकिली म्हटलं की नव्या वकिलाच्या डोळ्यांसमोर उच्च न्यायालयातली जनहित याचिका येते. पण या कामाची शाळा भरते ती तालुक्याच्या रिमांड कोर्टात (अटक झालेल्याला कोठडीत ठेवायचं का हे जिथं ठरतं) आणि जेलच्या मुलाखतीच्या खिडकीवर. बिहारच्या तुरुंगांत खटला सुरू होण्याआधीच कित्येक वर्षं अडकून पडलेल्या कच्च्या कैद्यांचा प्रश्न १९७९ साली हुसैनारा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. ज्या गुन्ह्याचा आरोप, त्याच्या पूर्ण शिक्षेपेक्षा जास्त काळ आत काढलेली माणसं त्यात होती. तसे कैदी आजही सापडतात, आणि त्यांना बाहेर काढायला लागतं ते दिवसांचा अचूक हिशेब, योग्य कलमाखालचा अर्ज आणि कागदामागे धावण्याची तयारी. पुढची माहिती महाराष्ट्रात फौजदारी बाजूचं मोफत काम सुरू करू पाहणाऱ्या वकिलासाठी आहे.

कुठून शिरायचं

सनद हातात आली आणि अखिल भारतीय बार परीक्षा पास झालात की वाटा तीन. पहिली, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा तालुका विधी सेवा समितीचं पॅनेल. त्यासाठी साधारण तीन वर्षांची वकिली लागते आणि पॅनेल ठरावीक मुदतीनं नव्यानं बनतं, म्हणून अर्ज कधी मागवतात हे प्राधिकरणाच्या सचिवांच्या कार्यालयात विचारत राहा. दुसरी वाट लोक अभिरक्षक कार्यालयाची, म्हणजे गरीब आरोपींचा बचाव करणाऱ्या पगारी वकिलांच्या कार्यालयाची. २०२२ च्या योजनेतून हे पूर्णवेळ कार्यालय आलं. मुख्य लोक अभिरक्षकाला फौजदारी कामाचा दहा वर्षांचा अनुभव लागतो, सहाय्यकाच्या जागा नवोदितांसाठी असतात. तिथं मानधन मिळतं, पण खाजगी वकिली बंद ठेवावी लागते. तिसरी वाट म्हणजे स्वतःची वकिली चालवत काही वकीलपत्रं बिनफीची घेणं. केंद्राच्या न्यायबंधू योजनेत नाव नोंदवलं तर अशी प्रकरणं तिकडूनही येतात.

ज्युनिअर असाल तर आधी सहाय्यक लोक अभिरक्षकाची जागा बघा. दोन वर्षांत जितके रिमांड, जामीनअर्ज आणि उलटतपासण्या तिथं हाताखालून जातात, तितक्या मोठ्या चेंबरमध्ये पाच वर्षांतही जात नाहीत.

मोफत वकील कुणाला मिळतो हे पाठ हवं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं, अपंग, कामगार आणि कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती पात्र आहे. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची मर्यादा नाही. तरीही कारकून उत्पन्नाचा दाखला मागतो. तिथं वाद घालू नका, अर्जातच ‘अर्जदार कोठडीत असल्याने कलम १२ प्रमाणे पात्र’ असं लिहा. घरच्यांना माहिती हवी असेल तर १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक द्या.

पहिला रिमांड

अटकेपासून चोवीस तासांत आरोपी दंडाधिकाऱ्यापुढे आला पाहिजे. प्रवासाचा वेळ यात धरत नाहीत. वकील मिळण्याचा हक्क इथूनच सुरू होतो, हे खत्री विरुद्ध बिहार राज्य (१९८१) पासून पक्कं आहे. रिमांड रिपोर्ट हातात आला की आधी शेवटचं पान वाचा, कारण पोलिस कोठडी कशासाठी मागितली आहे ते तिथं असतं. मग अटकेची वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ जुळते का ते तपासा. ‘काल संध्याकाळी घरून नेलं’ असं बायको सांगत असेल आणि अटक आज सकाळची दाखवली असेल, तर तिच्या फोनमधले कॉल किंवा गल्लीतला सीसीटीव्ही त्याच दिवशी जपायला सांगा. फुटेज फार दिवस टिकत नाही.

अटकेची कारणं लेखी दिली का, हा पुढचा प्रश्न. मिहिर राजेश शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (नोव्हेंबर २०२५) या निकालानं हे सर्व गुन्ह्यांना लागू केलं: कारणं लेखी हवीत, आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवीत, आणि आधी देता आली नाहीत तर निदान रिमांडसाठी हजर करण्याच्या दोन तास आधी. छापील फॉर्मवर ‘गुन्ह्यात सहभाग’ एवढंच असेल तर ती कारणं नव्हेत. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज काय, याची यादी पोलिसांनी दिली पाहिजे (अर्नेश कुमार, २०१४). कागदावर ती नसेल तर तोंडी युक्तिवादावर थांबू नका. दोन ओळींचा अर्ज द्या आणि त्याची नोंद रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, घ्यायला लावा. पुढे सत्र न्यायालयात तुमचं भाषण कुणाच्या लक्षात नसतं, रोजनामा मात्र जसाच्या तसा समोर येतो.

दंडाधिकारी साहेब विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार?’ आरोपी म्हणतो, ‘नाही.’ त्याच्या कोपराला कोपर लावून शिपाई उभा असतो, तो दुसरं काय म्हणणार? म्हणून पुकारा होण्याआधी पाच मिनिटं आरोपीशी बाजूला बोलण्याची परवानगी मागा. शर्ट वर करून पाठ, तळपाय आणि तळहात बघा. मार दिसला तर तो जसा दिसतो तसा अर्जात उतरवा: ‘डाव्या खांद्यावर निळसर वळ, अंदाजे चार बोटं लांब, उजव्या तळपायाला सूज, पाऊल टेकवत नाही.’ ‘मारहाण केली’ या दोन शब्दांनी काही सिद्ध होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, पुढे नुसतं ‘संहिता’) कलम ५३ प्रमाणे वैद्यकीय तपासणी मागा. तिच्या अहवालाची प्रत आरोपीला मिळायची असते, तीही मागून घ्या.

जेलमधली भेट

वकिलाची मुलाखत जेल अधिकाऱ्याच्या नजरेत पण कानाआड व्हायला हवी. ओळखपत्र, सनदेची झेरॉक्स आणि कैद्याचं पूर्ण नाव व गुन्हा क्रमांक लिहिलेला अर्ज सोबत न्या. फोन बाहेर ठेवावा लागतो, म्हणून सगळं कागदावर तयार हवं.

वकीलपत्राच्या निदान तीन प्रती न्या. सही किंवा डाव्या अंगठ्याचा ठसा, खाली जेल अधिकाऱ्याची साक्षांकित सही आणि शिक्का. शिक्का राहिला तर कोर्टाचा शिरस्तेदार कागद परत करतो आणि तुमचा आठवडा जातो. ठसा पुसट उठला तर तिथल्या तिथं दुसरा घ्या.

मग प्रश्न. गुन्हा कसा घडला हे पहिल्या भेटीत विचारू नका. आधी हे विचारा: अटक कोणत्या दिवशी, पहिल्यांदा कोर्टात कधी नेलं, याआधी किती केसेस, कुठल्या कुठल्या जिल्ह्यात, कुठल्या वॉरंटावर दुसऱ्या केसमधून किंवा जेलमधून ‘वर्ग’ होऊन आलास का, घरी कोण, कुणाचा नंबर पाठ आहे, औषधं कुठली चालू आहेत. बाईला मूल सोबत आहे का, गरोदर आहे का, हे विचारा.

वय मात्र प्रत्येकाला विचारा. उत्तर संशयास्पद वाटलं तर शाळेचं नाव घ्या. गुन्ह्याच्या दिवशी अठरा पूर्ण नव्हती हा दावा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर करता येतो. त्यासाठी बाल न्याय कायदा, २०१५ मधला पुराव्याचा क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधारकार्डावरची १ जानेवारी ही जन्मतारीख बहुतेक वेळा अंदाजानं घातलेली असते, तिच्यावर विसंबू नका.

पारधी आणि इतर विमुक्त जमातींच्या आरोपींकडे जास्त वेळ द्या. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का १९५२ साली कागदावरून गेला, पण गावात चोरी झाली की पाल (राहता तंबू) अजून त्यांचंच उलटंपालटं होतं. एकाच माणसावर पाच ठाण्यांत ‘अज्ञात आरोपी’च्या गुन्ह्यात नाव घुसवलेलं दिसेल. प्रत्येक गुन्ह्याचा एफआयआर काढा आणि त्यात त्याचं नाव कुठल्या आधारावर आलं ते तपासा. पुष्कळदा तो आधार म्हणजे सहआरोपीनं पोलिसांपुढे दिलेला जबाब, आणि तो पुरावा म्हणून चालत नाही. सुकन्या शांता प्रकरणात (२०२४) सर्वोच्च न्यायालयानं विमुक्त जमातींच्या मनमानी अटका थांबवायला आणि जेलच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं आहे. अर्जात त्याचा हवाला द्या.

दिवस मोजणं

सगळ्यात जास्त हक्क बुडतात ते मोजणीच्या चुकीनं. दोषारोपपत्र वेळेत आलं नाही तर आरोपीला जामीन मिळतोच, हे संहितेचं कलम १८७(३). मुदत ६० दिवस. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९०. इथली नेहमीची चूक अशी की कलमात ‘दहा वर्षांपर्यंत’ लिहिलं आहे म्हणून ९० धरतात. राकेश कुमार पॉल (२०१७) निकालाप्रमाणे किमान शिक्षाच दहा वर्षांची असेल तर ९०, नाहीतर ६०.

मोजणी अटकेपासून करत नाहीत. पहिल्या रिमांडच्या दिवसापासून करतात, आणि तो दिवस धरून. पहिला रिमांड ५ जानेवारीला झाला असेल तर जानेवारीचे २७, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ५ मिळून साठ. म्हणजे ६ मार्चला कोर्ट उघडताच अर्ज गेला पाहिजे. लीप वर्षात ५ मार्चला. अर्ज ५९ व्या दिवशी दिला तर तो अकाली म्हणून फेटाळतात, ६१ व्या दिवशी दुपारपर्यंत थांबलात तर पोलिस सकाळीच दोषारोपपत्र घेऊन येतात आणि हक्क संपतो. अर्ज आदल्या संध्याकाळी टाइप करून ठेवा, दाखल करताना कोर्टाकडून वेळेसह पोच घ्या, आणि जामीन देण्याची तयारीही त्याच अर्जात लिहा. लेखी अर्ज शक्य नसेल तर तोंडी मागणीही चालते, हे राकेश कुमार पॉल निकालातच आहे. एकदा वेळेत अर्ज गेला की मागून आलेल्या दोषारोपपत्रानं तो मरत नाही.

दुसरी मोजणी कलम ४७९ ची. जन्मठेप किंवा फाशीचा गुन्हा नसेल आणि कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला असेल तर जामिनावर सुटका, पूर्वी एकदाही शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांशावरच. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्यांदाच आलेल्याला एक वर्ष. घरातल्या चोरीला सात वर्षं, म्हणजे दोन वर्षं चार महिने. १ जुलै २०२४ पूर्वीच्या, म्हणजे संहिता लागू होण्याआधीच्या, गुन्ह्यांनाही हे लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. मुदत भरली की जेल अधीक्षकानं स्वतः कोर्टाला लिहायचं असतं. ते लिहीत नसतील तर अधीक्षकाला पत्र द्या, प्रत जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना, म्हणजे न्यायाधीन बंद्यांच्या (कच्च्या कैद्यांच्या) आढावा समितीपुढे नाव जातं.

एक धोका आहे. पोटकलम २ म्हणतं की एकाहून अधिक गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. सरकारी वकील आपल्या ‘से’मध्ये, म्हणजे लेखी म्हणण्यात, हेच लिहिणार. म्हणून अर्ज मुळात नियमित जामिनाचा करा, दंडाधिकाऱ्याकडे कलम ४८० किंवा सत्र न्यायालयात ४८३, आणि ४७९ पर्यायी मुद्दा म्हणून घाला. ‘पुढे पोलिस कोठडी लागेल’ एवढ्याच कारणानं जामीन नाकारता येत नाही, ही ४८० मधलीच तरतूद आहे. आणि दंडाधिकाऱ्यापुढच्या अजामीनपात्र खटल्यात पुराव्याच्या पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत खटला संपला नाही आणि आरोपी सगळा काळ आतच असेल, तर पोटकलम ६ वापरा. हे पोटकलम फार कमी वकील वापरतात.

मंजूर झाला, पुढे?

इथं सर्वांत जास्त माणसं अडकतात आणि इथंच बहुतेक मोफत वकील फाइल बंद करतात. ‘१५,००० रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार’ असा आदेश झाला. जातमुचलका म्हणजे आरोपीचं स्वतःचं बंधपत्र. बाहेर थांबलेल्या आईला सक्षम जामीनदार म्हणजे काय हेच माहीत नसतं. तिला चिठ्ठीवर लिहून द्या: जामीनदाराचं आधारकार्ड आणि रेशनकार्ड, दोन फोटो, राहत्या घराची कर पावती किंवा वीजबिल, आणि ऐपतीसाठी पगारपत्रक वा तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, शेतकरी असेल तर ताजा सातबारा आणि आठ-अ. सगळ्याच्या मूळ प्रती बरोबर हव्यात. कोर्टात टेबलावर कागद मांडल्यावर कारकून प्रथम पाहतो ते नाव: आधारवर ‘बाळू’, सातबाऱ्यावर ‘बाळासाहेब’, रेशनकार्डावर आडनावच वेगळं. असा फरक आदल्या दिवशी शोधा आणि एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा.

जामीनदार मिळत नसेल तर क्रमानं असं करा. आधी तात्पुरता रोख जामीन आणि जामीनदार आणायला काही आठवड्यांची मुदत मागा. कलम ४९० रोख रक्कम ठेवू देतं. तेही जमत नसेल तर रक्कम कमी करण्याचा अर्ज करा. मोती राम (१९७८) प्रकरणात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीनदार मागितला होता आणि दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून त्याच्या भावाला नाकारलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही चूक ठरवलं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह नको, आणि महिनाभरात बंधपत्र झालं नाही तर कोर्टानं आपणहून अटी सैल करण्याचा विचार करावा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात आहे. त्याच आदेशानुसार सात दिवसांत सुटका न झाल्यास अधीक्षकानं प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. केंद्राची गरीब कैद्यांना मदतीची योजना २०२३ साली सुरू झाली, तेव्हा कच्च्या कैद्यासाठी मर्यादा ४०,००० रुपये होती. रक्कम जिल्हा समिती मंजूर करते. अमली पदार्थ, यूएपीए (बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायदा), मनी लाँडरिंग आणि भ्रष्टाचाराचे गुन्हे तिच्यात बसत नाहीत.

अनेक केसेस असतील तर प्रत्येकीत वेगळा जामीनदार कुठून आणायचा? गिरीश गांधी (२०२४) निकाल दाखवा; तेच जामीनदार सगळ्या प्रकरणांत चालतील असा मार्ग त्यात काढला आहे.

दोन गोष्टी कधीही करू नका. स्वतः जामीनदार राहू नका, आणि जामीनदाराच्या ऐपतीची हमी देऊ नका. बार कौन्सिलच्या नियमांत हे स्पष्ट मना आहे. आणि कोर्टाच्या आवारात ‘साहेब, जामीनदार हवा का?’ म्हणत फिरणाऱ्यांकडे घरच्यांना पाठवू नका. खोटं रेशनकार्ड निघालं तर जामीन रद्द होतो आणि आईवर नवा गुन्हा दाखल होतो.

बंधपत्र स्वीकारल्यावर सुटकेचा कागद जेलला पोचेपर्यंत मागे लागा. कागदावरचं नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक, पोलिस ठाणं आणि कलमं जेलच्या नोंदीशी शब्दशः जुळावी लागतात. दोषारोपपत्रात एक कलम वाढलं आणि सुटकेच्या कागदावर जुनीच कलमं राहिली, एवढ्यावर माणूस परत बराकीत जातो. म्हणून कोर्टातून निघण्याआधी कागद कारकुनासमोर एकदा मोठ्यानं वाचा. शुक्रवार दुपार सगळ्यात वाईट: संध्याकाळची सुटकेची वेळ चुकली की दिवस वाढतोच. आणि दुसऱ्या जिल्ह्याचं हजेरी वॉरंट (तिथल्या कोर्टात हजर करण्याचा हुकूम) जेलमध्ये पडून असेल तर सगळं करूनही फाटक उघडत नाही; म्हणून तो प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायचा.

तक्रार, पैसा आणि वेळ

कोठडीतल्या मारहाणीची तक्रार मानवी हक्क आयोगाकडे करायची असेल तर घटनेपासून एक वर्षाच्या आत करा, त्यानंतर आयोग ती घेऊ शकत नाही. शुल्क नाही, मराठीतून चालते. राज्य आणि राष्ट्रीय अशा दोन्ही आयोगांकडे एकदम टाकू नका. एकाकडे प्रलंबित असताना दुसरा हात लावत नाही. मात्र तक्रार करण्याआधी आरोपीची स्पष्ट संमती घ्या. तो अजून त्याच ठाण्याच्या ताब्यात जाणार असेल तर परिणाम त्याला भोगायचे आहेत, तुम्हाला नाही. तो ‘नको’ म्हणाला तर वैद्यकीय कागद जपून ठेवा आणि वर्षाची शेवटची तारीख डायरीत लिहा.

मोफत म्हणजे शंभर टक्के मोफत. पॅनेलवरच्या वकिलानं पक्षकाराकडून झेरॉक्सचे म्हणूनही पैसे घेतले तर नाव कटतं, आणि कटायलाच हवं. पॅनेलची फी कमी असते आणि उशिरा येते, म्हणून बिल प्रत्येक टप्पा संपताच, रोजनाम्याची प्रत जोडून द्या. खाजगी वकिली सांभाळून काम करत असाल तर सुरुवातीला एका वेळी पाचपेक्षा जास्त मोफत वकीलपत्रं घेऊ नका. मोफत पक्षकार तारखेला वकील आला नाही म्हणून ओरडत नाही, त्यामुळे ओढाताण झाली की पहिला बळी त्याचाच जातो. जमत नसेल तर कोर्टात पुरसीस (लेखी निवेदन) देऊन, प्राधिकरणाला लेखी कळवून, नवा वकील नेमेपर्यंत थांबून बाहेर पडा.

सुटलेल्या माणसाला फाटकाबाहेर पहिल्याच भेटीत पुढची तारीख द्या. कागदावर मोठ्या अक्षरात: तारीख, वार, कोर्टाची खोली, केस क्रमांक, तुमचा नंबर. वाचता येत नसेल तर सोबतच्या माणसाला वाचून दाखवा आणि त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणार असेल तर गैरहजेरीच्या माफीचा अर्ज आधीच सही करून घ्या. तारीख चुकली तर अजामीनपात्र वॉरंट निघतं, जामीनदाराला रक्कम भरायची नोटीस जाते, आणि सबळ कारण नसताना हजर न राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ प्रमाणे वेगळा गुन्हा होतो. तारखेच्या आदल्या संध्याकाळी त्याला एक फोन करा.